कारण सांगणारे सर

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी मला डिपॉझिटबद्दल काही विचारलं नाही. जेवणखाण, मित्रमंडळी, घरी यायची वेळ, यातलंही काही नाही. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसवलं, माझ्या हातातलं हेल्मेट स्वतःकडे घेतलं, मांडीवर ठेवून त्यावर बोटांनी ताल धरला आणि म्हणाले, "लहानपणी अंथरूण कितव्या वर्षापर्यंत ओलं करत होतात?"

मी वाळूजच्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो. बजाजनगरातल्या खोलीत माझे दोन सोबती इतके घोरायचे की मी छावणीच्या पलीकडच्या या कॉलनीपर्यंत पळत आलो होतो. आता इथूनही पळावं लागतं की काय, असं वाटलं.

"आठवत नाही सर."

"छान. म्हणजे बरीच वर्षं," सर म्हणाले आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

हेल्मेट मागायचं मात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ते पुसूनबिसून घेऊन आल्या. "तुमचं हेल्मेट आमच्याकडे राहिलं होतं," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी त्यांची माफी मागितली.

सर मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उंच, काटकुळे, बारा महिने अंगात बिनबाह्यांचं राखाडी जाकीट. अशी जाकिटं त्यांच्याकडे पुष्कळ होती आणि सगळी सारखीच राखाडी होती, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटे की माणूस एकच जाकीट वर्षानुवर्षं वापरतोय. माणूस गुन्हा का करतो, हा त्यांचा खास विषय. नोकरीत असताना तो त्यांनी वर्गात शिकवला आणि निवृत्तीनंतर रस्त्यात. पेपरातल्या चोरीच्या बातमीत ते ठिकाण आणि नाव न वाचता थेट आरोपीच्या वयावर जात. मग डोळे मिटून म्हणत, "याला मोठा भाऊ असणार. आणि तो अभ्यासात हुशार असणार." बातमीत भावाचा पत्ता नसे. पण सरांनी सांगितल्यावर तो भाऊ आपल्याला दिसू लागे, चष्मा लावून गृहपाठ करणारा.

"माणूस हातानं चोरी करत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आठवणीनं करतो."

एकदा त्यांना पोलिसांसमोर व्याख्यान द्यायला बोलावलं होतं. दरोडेखोराच्या मनातली पोकळी सरांनी अशी काही उभी केली म्हणे, की अर्धे शिपाई हळवे झाले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका हवालदारानं विचारलं, "सर, पर मंग चोर घावायचा कसा?" सर म्हणाले, "सापडणं हे तुमचं काम, समजणं माझं." हवालदार म्हणाला, "मंग आधी आमाला घावू तर द्या. तुमी समजून घेतला की सोडूनच द्यावा वाटंल." ही गोष्ट सर स्वतःच सांगत आणि त्या हवालदाराला वडिलांचा धाक फार असावा, अशी पुस्तीही जोडत.

बोलताना त्यांना हातात काहीतरी लागायचं. पेन, चमचा, किल्ली, समोरच्याचा चष्मा, काहीही. विवेचन रंगलं की ती वस्तू हवेत फिरायची आणि विवेचन संपलं की जाकिटाच्या खिशात जायची. त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. आपण शर्टाचं बटण लावतो तितक्या बिनबोभाट ते होई. संध्याकाळी सर फिरून आले की काकू जाकीट काढून घेत आणि खिसे एका पितळी ताटात रिकामे करत. मेडिकलवाल्याचा स्टेपलर, बँकेच्या काउंटरवरचं दोरीसकट पेन, लग्नाच्या पंगतीतला चमचा, कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली. सकाळी भाजी आणायला जाता जाता काकू एकेक वस्तू जिची तिकडे पोचवत आणि सगळीकडे तेच वाक्य म्हणत, "आमच्याकडे राहिलं होतं." कॉलनीतल्या लोकांना वाटे, आपल्यालाच हल्ली विसरायला होतंय. खरी गोष्ट ठाऊक होती ती काकूंना आणि माझी खोली वर असल्यामुळे मला.

मी एकदा धीर करून विचारलं होतं. "सर, याचं काय कारण असेल?"

"कशाचं?"

मी ताटाकडे बघितलं. सरांनीही बघितलं, शेजाऱ्यांच्या घरचं काही चुकून आपल्याकडे आल्यासारखं. "विसरभोळेपणा," ते म्हणाले. "लोकांचा."

शहागंजचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिलाय. मी चादर घ्यायला गेलो होतो, सर सोबत आले होते. गर्दीत त्यांनी खिसा चाचपला, पाकीट नव्हतं. समोरून एक माणूस घाईघाईनं चालला होता, तेवढ्यावरून सर त्याच्यामागे धावले. ओरडले असते तर लोकांनी त्याला बडवला असता. पण सर ओरडत होते ते असं, "अरे भाई, रुको! पैसा रख लो! बस इतना बताओ, अब्बा कैसे थे?"

तो बिचारा थांबला. कापडाच्या दुकानात कामाला होता आणि जेवायच्या सुट्टीत घरी निघाला होता. सरांनी त्याला हॉटेलात नेलं, चहा मागवला, समोरची बशी हातात घेतली आणि त्याच्या वडिलांविषयी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तो माणूस रडायला लागला. वडील फार रागीट होते, शेवटच्या आजारपणात बोलणंच झालं नव्हतं. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून तू हे करतोस," ते म्हणाले. "जी," तो म्हणाला. कशाला 'जी' म्हणाला ते त्यालाही कळलं नसावं. सरांचं पाकीट घरी फ्रिजवर होतं. पुढे शहागंजात गेलो की तो माणूस दुकानातून बाहेर येऊन सलाम करायचा. "साब, उस दिन दिल हलका हो गया," म्हणायचा. बशी काकूंनी परत पाठवली होती.

तर असे सर. त्यांचा राग कधी येत नसे, कारण ते कुणावर रागवत नसत. शिवी देणाऱ्यालाही ते समजून घेत, आणि समजून घेतलं जाणं ही काय चीज असते ते समोरच्याला हळूहळू कळत जाई. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ते आवडायचे. माझं काम क्वालिटी खात्यात, पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला ते शोधायचं. आमच्याकडे एकामागून एक 'का' विचारत मुळाशी जायची पद्धत आहे. मी ती सरांना सांगितली तेव्हा ते हरखून गेले. "म्हणजे तुम्ही लोखंडाचं बालपण काढता!" म्हणाले. त्यांना एवढंच सांगायचं राहून गेलं की आम्ही आधी पार्ट हातात घेऊन मोजतो. खराब आहे हे ठरल्याशिवाय 'का' विचारत नाही.

त्या वर्षी गणपतीत काकू लातूरला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. कॉलनीच्या गणपतीत रोज एका घराकडे आरतीचा मान असे, आणि ज्यांचा मान त्यांनी सगळ्यांना तीर्थ द्यायचं. तीर्थाची पळी चांदीची. कॉलनीचे अध्यक्ष देशमुख, त्यांनी ती आईच्या नावानं दिली होती. देशमुखांची गावाकडे बरीच शेती, इथं ट्रॅक्टरची एजन्सी, आवाज दोन्हीला पुरेल असा. पण त्या पळीचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येई. "मायच्या नावाची हाय," म्हणत आणि धोतराच्या सोग्यानं ती स्वतः पुसत.

सरांच्या घरच्या मानाच्या दिवशी काकू नसल्यानं सर उभे राहिले. देव मानत नव्हते, पण मान मानत होते. मी पहिल्या पाळीला गेलो होतो, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. रांगेतल्या प्रत्येकाला तीर्थ देताना माणसाला तीर्थ का लागतं, हेही सर सांगत होते. रांग संपली, लोक पांगले, कॉलनीचा वॉचमन सोपान यानं ताट, समई, निरांजन उचलून आत ठेवलं. संध्याकाळच्या आरतीला पळी नव्हती.

"सर, तुमच्या हातात व्हती," देशमुख म्हणाले.

"मी ताटात ठेवली," सर म्हणाले. ज्या ठामपणे ते हे म्हणाले त्यानंतर पुढचा प्रश्न त्यांना विचारायचा कुणाला सुचला नाही. प्राध्यापकाला कोण विचारणार? ताट कुणी उचललं, एवढंच उरलं. सगळ्यांच्या माना सोपानकडे वळल्या.

सोपान कन्नडकडचा, मेंढपाळाच्या घरचा. भाऊ अजून मेंढरं घेऊन हिंडायचा. हा गेटावर होता, बायको दोन घरी भांडी घासायची, मुलगी नर्सिंगला होती. माणूस अबोल, गळ्यात दोरीला शिट्टी. "म्या घेतली नाय," एवढंच म्हणाला.

हे ऐकलं आणि मी तडक सरांकडे गेलो. "सर, एकदा खिसे बघायचे का?"

सर दुखावले नाहीत. तेच तर वाईट होतं. माझ्याकडे मायेनं बघत म्हणाले, "वडीलधाऱ्यांवर संशय घ्यावासा वाटतो का तुम्हाला? वडिलांशी पटतं ना?" तरी उठले. अंगातल्या जाकिटाचे खिसे उलटे करून दाखवले. दाराआडच्या खुंटीवरच्या जाकिटांच्या खिशांत मी स्वतः हात घातले. रुमाल निघाले, माझ्याच बॉलपेनचं टोपण निघालं, पळी नाही. मग माझाही नाइलाज झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात सगळे जमले. देशमुखांना पोलिसात जायचं होतं. तेव्हा सर उठले. खरं सांगतो, ते सोपानला वाचवायला उठले होते. शेजारच्या बाईंच्या हातातला पंखा घेतला आणि बोलायला लागले.

"हा गुन्हेगार नाही," सर म्हणाले. "याला शिक्षा नको, आधार हवा." मग त्यांनी सोपानचं बालपण सांगितलं. आज या रानात, उद्या त्या रानात. घराला दार नाही, म्हणून आपलं असं काही ठेवायला जागा नाही. आई दिवसभर मेंढरांमागे. पोर एकटं. दुसऱ्याच्या आईची वस्तू चकाकताना दिसली, त्यानं ती उचलली. त्याला चांदी नको होती. त्याला आई हवी होती.

 बायका डोळे टिपत होत्या. खुद्द देशमुखांनी नाक ओढलं. इतका वेळ सोपाननं पळी घेतली असेल, असं लोकांना वाटत होतं. आता त्याबद्दल कुणाला शंकाच राहिली नाही. घेतली का, हे कुणाला माहीत नव्हतं. का घेतली, ते मात्र लख्ख कळलं होतं.

"सर, पर म्या घेतलीच नाय," सोपान म्हणाला.

सर हळूच हसले. "नकार," ते मंडपाकडे वळून म्हणाले. "पहिली पायरी नेहमी नकाराचीच असते. वेळ द्या त्याला."

देशमुखांनी वेळ दिला. विसर्जनापर्यंत सोपाननं कबूल करून पळी आणून दिली तर नोकरी राहील, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. आणि तोवर रोज दुपारी सरांनी त्याच्याशी बोलायचं.

त्या बैठका आमच्या व्हरांड्यात व्हायच्या. दुसरी पाळी लागली की मी दुपारी जिना उतरता उतरता ऐकत असे.

"आईनं कधी मारलं?"

"मारलं की. लई मारलं."

"मग?"

"मंग जेवाया घातलं."

"आणि तुला एकटं वाटायचं?"

"एकटं कसं वाटंल सर? एवढी मेंढरं व्हती."

सर खिन्न होऊन मान हलवत. एवढं गाडलेलं दुःख त्यांनीही क्वचितच पाहिलं असावं. सोपान त्यांना उलटून बोलत नसे. एवढा शिकलेला माणूस आपल्यासाठी रोज वेळ काढतो, गोड बोलतो, चहा पाजतो. अशा माणसाला खोटं कसं म्हणायचं, हा त्याच्यापुढचा पेच होता.

मग एके दिवशी ड्युटीला निघताना मी गेटावरच्या त्याच्या खोलीत डोकावलो. सोपाननं पत्र्याची पेटी जमिनीवर उपडी केली होती. बायकोचं लुगडं, मुलीचा पांढरा युनिफॉर्म, जुना कंदील, सगळं पसरून तो एकेक कपडा झटकत होता.

"काय शोधतोस सोपान?"

त्यानं मान वर केली. "पळी," तो म्हणाला. "सर एवढं म्हन्तेत. मला बी वाटाया लागलंय, घेतली असंल. झोपंत-बिपंत. लहानपनचं काय आठवतंय का आपल्याला?" मग जरा थांबून म्हणाला, "पोरगी दोन दिस झाले बोलत नाय माझ्याशी."

मला त्या क्षणी सरांचा संताप आला. एखाद्यानं खोटा आळ घेतला तर माणूस भांडू तरी शकतो. इथं भांडायला कुणी नव्हतं. सगळे त्याला समजून घेत होते.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी काकू लातूरहून परतल्या. व्हरांड्यात सर सोपानला समजावत होते आणि सोपान मान खाली घालून म्हणत होता, "व्हय सर, मीच घेतली असंल. पर आता आनू कुठून?" काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या. त्या दिवशी माझी सुट्टी होती, मी रिक्षातून त्यांची बॅग उतरवत होतो. त्यांनी मला विचारलं, "काय गेलंय?" मी म्हणालो, "चांदीची पळी. तुमच्या मानाच्या दिवशी." काकूंनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. चपला न काढता आत गेल्या.

मी मागोमाग गेलो. "खिसे बघितलेत काकू," म्हणालो.

"एकाचा खिसा फाटलाय. शिवायचा राहिला होता," त्या म्हणाल्या. खुंटीवरची सगळी राखाडी जाकिटं माझ्या डोळ्यांना सारखी, पण त्यांनी नेमकं एक ओढलं, खिशात हात घातला आणि तो हात फाटक्या अस्तरातून थेट कमरेच्या शिवणीपर्यंत नेला. पळी बाहेर आली. कुंकू लागलेली, तशीच.

सर दारात येऊन उभे होते.

"मी नेऊन पाटाखाली ठेवते," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "राहिली होती म्हणते."

इतकी वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सरांनी पळीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मला वाटलं आता विस्मरणावर काहीतरी येणार. पण त्यांनी मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात सोपान अजून मान खाली घालूनच बसला होता. सरांनी काकूंच्या हातातून पळी घेतली, ती उघडी हातात धरून मंडपाकडे चालायला लागले आणि वाटेत सोपानला म्हणाले, "चल."

आरतीला लोक जमत होते. सर देशमुखांच्या समोर उभे राहिले. "ही माझ्या जाकिटात होती. सोपाननं घेतली नव्हती. मी घेतली."

सगळा मंडप त्यांच्याकडे बघत होता. देशमुखांनी पळी हातात घेतली. "पर का सर?" त्यांनी विचारलं.

ज्या माणसाला आयुष्यभर हा एकच प्रश्न आवडला, त्याला तो पहिल्यांदाच चारचौघांत कुणीतरी विचारला होता.  "माहीत नाही," सर म्हणाले.

तेव्हा मागून सोपान पुढे आला. मला वाटलं, आता बोलेल चार शब्द. हक्कच होता त्याचा. पण तो मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या अध्यक्षसाहेब. लहानपनी काही राहून गेलं असंल सरांचं."

त्यात टोमणा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. मंडपातल्या बायकांनी मात्र माना हलवल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला.

"छे छे, तसं काही नाही," सर घाईघाईनं म्हणाले. "माझं बालपण अगदी…"

"असू द्या सर," पंखावाल्या बाई मायेनं म्हणाल्या. "पहिली पायरी नकाराचीच असते."

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपण काहीही बोललो तरी ते आपल्याच विरुद्ध जाणार, हे त्यांना तिथं, भर मंडपात कळलं. ते सोपानकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. सोपान इतका अवघडला की त्यानं उगीचच शिट्टी पुसली.

देशमुखांनी त्याची नोकरी ठेवली आणि आरतीचं ताट त्याच्या हातात दिलं. सोपाननं ते धरलं, पण मुलगी आलीय का ते आधी पाहून घेतलं. ती आली होती.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिना उतरत होतो, तर सोपान व्हरांड्यात हजर. "सवय लागली," म्हणाला. सर समोर बसले होते, हात मांडीवर, रिकामे. काही विचारत नव्हते. शेवटी सोपाननंच विचारलं, "तुमची माय कशी व्हती सर?"

सरांची बोटं मांडीवर नुसतीच चाळवली. सोपाननं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या. हातात काही असलं की बोलता तुमी."

आणि सर बोलायला लागले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, कंपनीची बस चुकली असती. पण फाटकाशी चप्पल अडकली म्हणून थांबलो, तेव्हा त्यांचं बोलणं संपलं होतं आणि शिट्टी, अगदी नेहमीसारखी, खिशात गेली होती. दारात उभ्या काकूंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघं सवयीनं गप्प राहिलो.

सोपाननं हात पुढे केला. "सर, शिट्टी."

सर दचकले. खिशात हात घातला, शिट्टी बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. "खरंच सांगतो सोपान," ते म्हणाले, "मला कळत नाही मी का…"

"घेतली तर घेतली," सोपान म्हणाला. "द्या."